चित्रकलेचं कॉलेज निवडताना: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सोसायटीत माझा भाव वाढतो. एरवी 'ती घरी बसून चित्रं काढते' एवढीच माझी ओळख. निकालानंतर मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फणसाच्या गऱ्यांचा डबा घेऊन येतात. मागोमाग लाजत आलेला मुलगा, बगलेत चित्रकलेची वही. "ह्याचा हात चांगला आहे गं. पण पुढे नक्की कुठे घालायचं ते कळत नाही. आमच्यात कोणी ह्या लायनीत गेलेलंच नाही."

हेच बोलणं इतक्यांदा झालं की शेवटी लिहून काढायला बसले. मी कळव्यात वाढले, अप्लाइड आर्ट शिकले, आता ठाण्यात राहून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. त्यामुळे हा मजकूर मध्य आणि हार्बर रेल्वेवरच्या घरांसाठी आहे. कांदिवलीकरांनी गाड्यांचा भाग आपापल्या हिशेबाने बदलून वाचावा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चित्रकला ऐकून येत नाही, हात चालवून येते. म्हणून कॉलेज मोजायला मी एकच माप वापरते: तिथे असताना मुलाचा हात किती तास चालेल? नाव, इमारत, फी, अंतर, सगळं ह्या एका मापाने मोजून बघा.

पायरी १: 'आर्ट्स' ह्या शब्दाचा घोळ मिटवा

"आर्ट्सला जायचंय म्हणतोस, मग जोशी-बेडेकरला घे ना, घरापासून जवळ आहे." हे वाक्य ठाण्यातल्या चित्रकार व्हायला निघालेल्या प्रत्येक मुलाने निदान एका मामाकडून ऐकलेलं असतं. तिथली कला शाखा म्हणजे बी.ए. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र. उत्तम शिक्षण आहे, पण त्यात ब्रश नाही. आपण शोधतोय ते दृश्यकलेचं, म्हणजे फाइन आर्टचं कॉलेज. तिथली पदवी बी.एफ.ए., चार वर्षांची.

आता ह्या चार वर्षांत काय काय शिकता येतं ते बघा, कारण कॉलेजच्या आधी शाखा ठरायला हवी. ड्रॉइंग अँड पेंटिंगमध्ये चित्रकार घडतो. शिल्पकलेत माती, प्लास्टर, दगड, धातू हाताळायला मिळतात. अप्लाइड आर्ट, म्हणजे उपयोजित कला, ही दुसऱ्याचं म्हणणं चित्रातून पोचवण्याची विद्या: जाहिरात, पुस्तकं, वेष्टनं, अक्षररचना, इलस्ट्रेशन, फोटोग्राफी. ह्याखेरीज टेक्सटाइल, सिरॅमिक, धातुकाम आणि इंटीरियर ह्या हस्तकलेच्या शाखा. ह्यांच्याकडे पालक ढुंकूनही बघत नाहीत आणि माझ्या मते तिथेच चुकतात. चाकावर भांडं घडवण्यात रमणारं मूल पेंटिंगच्या वर्गात चार वर्षं जांभया देत काढतं, असं मी पाहिलेलं आहे.

शाळेत चित्रकला शिकवायची असेल तर वाट वेगळी: कलाशिक्षक पदविका, जिला सगळे ए.टी.डी. म्हणतात. आणि खुर्ची, मोबाइलवरचं अ‍ॅप, कपडे, खेळणी ह्यांचा विचार करणारं डोकं असेल तर ते डिझाइनचं, म्हणजे बी.डेस.चं गिऱ्हाईक. त्याच्या प्रवेश परीक्षा निराळ्या. खारघरचं निफ्ट ह्या दुसऱ्या गटातलं आहे. नवी मुंबईत मोठं नाव तेच, त्यामुळे 'चित्रकला म्हणजे निफ्ट' असं समीकरण नेरूळ-बेलापूरच्या घरांत पक्कं झालंय. निफ्टमध्ये फॅशन आणि डिझाइन शिकवतात. निसर्गचित्रात जीव असलेल्या मुलीला तिथे पाठवलं तर ती शिकेल, पण भलतंच शिकेल.

शाखा ओळखायची युक्ती: मुलाच्या मागच्या वर्षभरातल्या वह्या जमिनीवर पसरा. शाळेने सांगितलेली चित्रं बाजूला करा. कोणी न सांगता काढलेली जी उरतात, ती बघा. माणसांचे चेहरे आहेत, का अक्षरं, का नक्षी, का यंत्रांचे सुटे भाग? मुलाला तोंडाने सांगता येत नाही ते वही सांगते.

पायरी २: दहावीनंतर की बारावीनंतर

दहावीनंतर कला संचालनालयाच्या पदविकेची वाट आहे: आधी फाउंडेशनचं वर्ष, मग पुढचा जी.डी. आर्ट, म्हणजे सरकारी कला पदविका. जुने नामवंत चित्रकार बरेचसे ह्याच वाटेने गेले. बारावीनंतर पदवीची वाट आहे, बी.एफ.ए. माझं मत विचाराल तर बारावी करा आणि पदवी घ्या. कारण साधं आहे: उद्या परदेशात शिकायचं झालं, कॉलेजात शिकवायचं झालं किंवा सरळ स्पर्धा परीक्षेला बसावंसं वाटलं, तर पदवीचा कागद आडवा येत नाही. घरची परिस्थिती अशी असेल की लवकर कमवायला लागायला हवं, तर पदविका हा कमी प्रतीचा पर्याय नव्हे. हात तिथेही चालतो.

अकरावीला कोणती शाखा? बी.एफ.ए.ला कोणतीही चालते. डिझाइनसाठी आय.आय.टी. मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेला आणि एन.आय.डी. ह्या डिझाइन संस्थेलाही कोणतीही चालते. अपवाद आर्किटेक्चरचा. त्याला गणित लागतं, आणि ते वेगळं क्षेत्र आहे, जरी सर जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे जे.जे.च्या, आवारात त्याचं कॉलेज शेजारीच असलं तरी. हुशार आहे म्हणून सायन्सला घालायचं आणि मग दोन वर्षं क्लासच्या पायऱ्या झिजवायच्या, हा ठाण्यातला रिवाज मला कळत नाही. ती दोन वर्षं म्हणजे स्केचिंगचे निदान हजार तास. ते कोण परत देणार?

मूल अजून आठवी-नववीत असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या ग्रेड परीक्षा चुकवू नका. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात, 'अ'ला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. पण खरा फायदा गुणांचा नाही. वेळ लावून, अनोळखी वर्गात, अनोळखी वस्तू समोर ठेवून काढायची सवय तिथे लागते.

पायरी ३: सीईटीची तयारी घरातल्या तांब्यापासून

राज्यातल्या बी.एफ.ए. प्रवेशासाठी सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, परीक्षा घेतं, तिला एएसी सीईटी म्हणतात. अर्ज साधारण नव्या वर्षाच्या सुरुवातीला निघतात, परीक्षा उन्हाळ्यात. ह्यात चार भाग असतात: वस्तुचित्र (समोरच्या वस्तू बघून), संकल्पचित्र (आकारांची रंगीत रचना), स्मरणचित्र (आठवणीतून प्रसंग) आणि सामान्य ज्ञान. जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना वेगळी काढून वाचा. मागच्या बॅचच्या मुलांच्या सांगण्यावर जाऊ नका. यूसीड जानेवारीत असते आणि तिचे अर्ज आधीच्या ऑक्टोबरमध्येच सुटतात. 'बारावी झाली की बघू' म्हणणारे इथे हमखास मागे पडतात.

वस्तुचित्राला महागडा क्लास लागत नाही. तांब्या, पेला, दोन कांदे, मागे आईची ओढणी. एका बाजूने उजेड. एक तास. सगळ्यांची चूक एकच असते: तांब्याचं तोंड छान लंबगोल काढतात आणि बूड सरळ रेषेत कापून टाकतात. भांडं डोळ्यांच्या खालच्या पातळीवर असेल तर बुडाचा गोल तोंडापेक्षाही जास्त उघडा दिसतो. खोटं वाटत असेल तर काचेचा ग्लास टेबलावर ठेवून बघा. ही एक गोष्ट कळली की चित्रातली भांडी डुगडुगायची थांबतात.

स्मरणचित्रात मुलं सर्वात जास्त मार खातात, कारण त्यांना माणसं काढता येत नाहीत. सगळे आपले समोर तोंड करून सावधान उभे. ह्यावर ठाणेकरांना घरचा उपाय आहे: जांभळी नाका. संध्याकाळी भाजी बाजारात जा, वही घरी ठेवून. एकाच माणसाकडे पाच मिनिटं बघा. टोपलीवर वाकलेली बाई वजन कोणत्या पायावर टाकते, पिशवी धरलेल्या हाताचा खांदा किती खाली जातो. घरी येऊन काढा. दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन ताडून बघा कुठे चुकलं. नवी मुंबईकरांनी वाशीच्या ए.पी.एम.सी. बाजारात किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यात हेच करावं. दोन महिन्यांत माणसं हलायला लागतात.

संकल्पचित्रात रंग सपाट बसायला हवा. पोस्टर कलर घुसळलेल्या दह्याइतका दाट असावा. ताकासारखा पातळ झाला की डाग पडतात, श्रीखंडासारखा घट्ट झाला की वाळल्यावर तडकतो. बाकी सरावाने.

सामान्य ज्ञानासाठी रट्टा मारण्यापेक्षा चार रविवार काढा. एक काळा घोड्याला: जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ पासूनची, आणि चालत गेलं की नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. एक छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. एक भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. उरलेला कोणत्याही कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात. ह्या शेवटच्याचा उपयोग पुढेही होणार आहे.

पायरी ४: अंतर तासांत मोजा

आता नकाशा घ्या. मुंबईत वडीलधारं घराणं म्हणजे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, स्थापना १८५७, सीएसएमटी स्टेशनसमोर. त्याच आवारात उपयोजित कलेचं कॉलेज आहे. हा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये वेगळी संस्था झाला. दोन्ही सरकारी, आता अभिमत विद्यापीठाचा भाग. प्रभादेवीला रचना संसद, शिवाय रहेजा स्कूल ऑफ आर्ट आणि सोफिया पॉलिटेक्निक ही खासगी पण जुनी नावं. मुंबईबाहेर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे सरकारी कॉलेजं आहेत, पुण्यात अभिनव, कोकणात सावर्ड्याला सह्याद्री. राज्याबाहेर पाठवायची तयारी असेल तर बडोदा आणि शांतिनिकेतन. शिवाय ठाणे, कल्याण, नवी मुंबईच्या पट्ट्यात लहान संस्था आहेत. त्यांना नावावरून बाद करू नका आणि जवळ आहे म्हणून पासही करू नका. पुढच्या दोन पायऱ्यांची चाळणी लावा.

प्रवासाचं गणित कागदावर मांडा. ठाण्याहून सीएसएमटीला जलद गाडी पाऊण-एक तासात नेते, म्हणून सगळे म्हणतात 'तासाभरावर आहे'. घर घोडबंदर रोडला असेल तर स्टेशनपर्यंतच तास जातो, मेट्रोच्या खांबांखालून रांगत. घरापासून वर्गापर्यंत एका बाजूला दोन तास धरा. दिवसाला चार, वर्षाला कॉलेजचे दोनशे दिवस धरले तर आठशे, चार वर्षांत बत्तीसशे तास. तेवढ्यात एक माणूस शिल्पकार होईल. पनवेल-खांदेश्वरकडून हार्बरने सीएसएमटी गाठायला गाडीतच सव्वा तासाहून जास्त, आणि ती सगळ्या स्टेशनांवर थांबते. ऐरोली-रबाळेवाल्यांना ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन जलद गाडी पकडणं बहुतेकदा बरं पडतं.

पण म्हणून लांबचं वाईट असं नाही. हार्बरला पनवेलहून बसायला जागा मिळते, आणि बसलेल्या माणसाच्या मांडीवर वही असू शकते. समोरच्या बाकावर झोपलेली माणसं, ह्यापेक्षा स्वस्त मॉडेल जगात नाही. माझी चार वर्षांतली एकवीस स्केचबुकं कळवा ते सीएसएमटी ह्या पट्ट्यातली आहेत, बरीचशी दारात उभं राहून काढलेली, आणि तशी काढू नयेत असं आता आई म्हणून सांगते. प्रभादेवीला जायचं तर ठाण्याहून धिम्या गाडीने परळला उतरून पुलावरून पलीकडे जाता येतं, दादरची रेटारेटी टळते.

अंतर खूपच असेल तर वसतिगृह किंवा नातेवाइकाचं घर ह्याचा विचार लाज न बाळगता करा. अप्लाइड आर्टच्या सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत काम चालतं, आणि शेवटची कर्जत गाडी कोणासाठी थांबत नाही.

पायरी ५: बुधवारी दुपारी तीन वाजता जाऊन या

ही पायरी सर्वात महत्त्वाची, आणि हीच सगळे गाळतात. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक कॉलेज लग्नघरासारखं सजलेलं असतं. तुम्ही जा सत्र चालू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर. ऑफिसात सांगा की मुलाला दाखवायचंय. चांगल्या ठिकाणी कोणी ना कोणी हिंडवून आणतं. पायरीवरूनच माहितीपत्रक हातात देऊन वाटेला लावलं, तर तेही उत्तरच समजा.

पहिलं बघायचं: वर्गात माणसं आहेत का. तीन वाजता स्टुडिओ रिकामा आणि कँटीन भरलेलं, म्हणजे शिकवणं हजेरीपुरतं उरलंय.

दुसरं, भिंती. स्वागतकक्षात लावलेली पारितोषिकवाली चित्रं सोडा. दुसऱ्या वर्षाचा वर्ग शोधा. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं, शेवटच्या वर्षाची निवडक कामं दाखवायला ठेवतात, दुसरं वर्ष मात्र उघडं पडतं. तिथल्या वीस कामांकडे बघा. वीसही एकाच हातची वाटली तर समजा की सर स्वतःसारखी चित्रं काढून घेतात. काही कच्ची, काही फसलेली, पण एकमेकांसारखी नसलेली दिसली तर तिथे मूल वाढेल.

तिसरं, साधनं, आणि ती वापरात आहेत का. पेंटिंगच्या वर्गाला उत्तरेचा उजेड आहे का, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि दिवसभर सावल्या फार सरकत नाहीत. जिवंत मॉडेल आठवड्यातून किती वेळा बसतं? फोटोवरून व्यक्तिचित्र शिकवत असतील तर नाक मुरडा. सिरॅमिकला भट्टी शेवटची कधी लावली? हा प्रश्न शिक्षकांना नाही, शिपायाला विचारा. शिल्पकलेत मातीचा हौद ओला आहे का? कोरडा, भेगा पडलेला हौद मी एका ठिकाणी पाहिला, त्यात पतंग पडला होता. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे प्रिंटमेकिंगच्या, छपाई यंत्रावर धूळ आहे की शाई? कॉम्प्युटर लॅबवर फार भाळू नका, ती दाखवायला सर्वात सोपी. आणि बेसिन बघा. चाळीस मुलांमागे एक नळ असेल तर रोज अर्धा तास ब्रश धुण्याच्या रांगेत जाणार. माझ्या मापात तोही तासच.

चौथं, मुलांशी बोला, शिक्षक नसताना. 'कॉलेज चांगलं आहे का' असं विचारलं तर 'हो काकू' एवढंच मिळेल. नेमकं विचारा. मागच्या महिन्यात सरांनी तुमच्यासमोर बसून स्वतः डेमो दिला का? सबमिशननंतर प्रत्येकाच्या कामावर बोलणं होतं की नुसता शेरा आणि सही? कायम शिक्षक किती, तासावर येणारे किती? बाहेर स्केचिंगला शेवटचं कधी नेलं? सहलीला अजिंठ्याला गेलात तेव्हा काढलंत की फोटो काढून आलात?

पालकांनी ह्या वेळी थोडं मागे राहावं. मुलाला एकट्याने वर्गात फिरू द्या. परतीच्या गाडीत त्याला विचारा काय आठवतंय. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळतं.

पायरी ६: कागद कोणाचा मिळणार?

इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हवी. बारावीनंतर मी स्टेशनजवळच्या एका संस्थेत नाव घातलं. गार हवा, चकचकीत कॉम्प्युटर, 'डिग्री लेव्हल' असं माहितीपत्रकात. घरच्यांना बरं वाटलं, पोरगी लांब जायला नको. वर्षाच्या शेवटी कळलं की डिग्री लेव्हल म्हणजे डिग्री नव्हे. मिळणार होतं ते संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र. वडिलांनी सोसायटीकडून काढलेलं कर्ज गेलं, माझं वर्ष गेलं. पुन्हा फॉर्म, पुन्हा परीक्षा.

म्हणून एकच प्रश्न लेखी विचारा: अंतिम गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं किंवा कोणत्या सरकारी मंडळाचं नाव असेल? उत्तर आलं की त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न कॉलेजांच्या यादीत हे नाव स्वतः शोधा. विद्यापीठ भलत्याच राज्यातलं निघालं तर यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, बोगस विद्यापीठांची यादी बघा, ती सर्वांना खुली आहे. प्रमाणपत्राच्या खासगी कोर्समध्ये वाईट काही नाही. अ‍ॅनिमेशन किंवा सॉफ्टवेअर शिकायला ते चांगलेही असतात. फक्त पदवीच्या भावात घेऊ नका.

पायरी ७: फी आणि दाखले

सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या फीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून सरकारी जागांसाठी एवढी चुरस. खासगी ठिकाणी फीचा पूर्ण तक्ता मागा: शिक्षण शुल्क, विकास शुल्क, अनामत, परीक्षा, सहल. वर तोंडी काही मागितलं तर पावती मागा.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. मुलींसाठी २०२४ पासून ह्याच उत्पन्न मर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. घेणार तो अभ्यासक्रम त्या यादीत आहे ना, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्या. ह्या सवलतींसाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. संस्थेच्या कोट्यातून घाईने जागा घेतली आणि मग शिष्यवृत्तीला हात जोडले, असं करू नका.

दाखल्यांत नवी मुंबईकर हमखास गोंधळतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. दोन्ही शेजारी, पण तहसील वेगळी. चुकीच्या कचेरीच्या रांगेत उभं राहून माझ्या मावसबहिणीचा एक दिवस गेला. अधिवास, उत्पन्न आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर हे दाखले वेळेत काढून ठेवा. जात वैधता सर्वात वेळ खाते, ती अकरावीतच टाका.

सामानाचा खर्च कोणी सांगत नाही म्हणून सांगते: तो दर महिन्याला असतो. कागद, माउंट बोर्ड, रंग, ब्रश, प्रिंट. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर चार मित्रांनी मिळून कागदाचं पूर्ण बंडल घेतलं तर बराच फरक पडतो. ब्रश मात्र दोनच घ्या, पण चांगले. आणि पहिल्याच वर्षी लॅपटॉप घेऊ नका. तिसऱ्या वर्षापर्यंत तो जुना होतो आणि दरम्यान मूल हाताने काढायचं सोडतं. 'आता तर एआय चित्रं काढतं' म्हणून घाबरलेल्या पालकांनाही मी हेच सांगते. यंत्राने काढलेल्या पन्नास चित्रांत कोणतं फसलंय हे ज्याला डोळ्यांनी कळतं, त्याला काम मिळतं, आणि तो डोळा कागदावरच तयार होतो.

पायरी ८: पसंतीक्रम भरताना

कॅपच्या फॉर्ममध्ये कॉलेजं आवडीच्या क्रमाने लिहा, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. पद्धत अशी असते की गुणांप्रमाणे तुमचा नंबर आला की तुमच्या यादीत वरून खाली बघत जी पहिली मोकळी जागा असेल ती देतात. 'हवं ते कॉलेज मिळणारच नाही' म्हणून ते सहाव्या नंबरवर टाकलं आणि पहिलं मिळून गेलं, तर कोणालाही दोष देता येत नाही. त्याचबरोबर, जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादी लांब दिसावी म्हणून भरू नका. नेमकं तेच लागतं. फॉर्म भरल्यावर प्रिंट काढा, मुलाला मोठ्याने वाचायला सांगा, मगच पक्का करा. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत जाऊ नका.

पहिल्या फेरीत मनासारखं नाही लागलं तर पुढच्या फेऱ्यांपर्यंत थांबता येतं, पण जागा पक्की केल्यावर कोणते हक्क उरतात हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचूनच बटण दाबा. अगदीच हुकलं तर एक वर्ष घरी तयारी करणं लाजिरवाणं नाही. दिवसाला चार तास स्केचिंग होणार असेल तर ते वर्ष नावडत्या कॉलेजातल्या वर्षापेक्षा कामाचं.

प्रवेश पक्का झाला की आठवड्याभरात दोन कामं उरका. कॉलेजच्या ऑफिसातून रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या, म्हणजे पास स्वस्तात निघेल. आणि हाफ इम्पिरियल, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांचा, बोर्ड मावेल अशी जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घ्या, रुंद पट्ट्याची, खांद्यावर तिरकी घालता येईल अशी. तयार मिळतात त्यांचे पट्टे पहिल्या पावसात उसवतात. माझी पिशवी जांभळी नाक्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी शिवली होती, चार वर्षं टिकली. पहिले काही दिवस बोर्ड घेऊन साध्या डब्यात शिरायचा हट्ट करू नका, लोक ओरडतात आणि त्यांचं बरोबर असतं. सामानाच्या डब्यात जा. तिथे मासळीच्या टोपल्या असतात, फुलांचे भारे असतात, आणि काढायला माणसंही चांगली मिळतात.